पॅडलला टेप गुंडाळण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही मुलुंडचे. दिवाळीनंतर हवा भरायचा स्टँड-अप पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, घेतलात. त्याच्यासोबत आलेलं तीन तुकड्यांचं ॲल्युमिनियमचं पॅडल वापरता आणि रविवारी पहाटे मित्रांबरोबर मनोरीच्या खाडीत उतरता. पहिली वीसेक मिनिटं मजेत जातात. मग खालचा हात दांड्यावरून सरकायला लागतो, तुम्ही आणखी आवळून धरता, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात लाकडासारखा होतो आणि किनाऱ्याला लागेपर्यंत तळहाताला फोड आलेले असतात. विचारताय, की बॅडमिंटनची ग्रिप गुंडाळू, हातमोजे घेऊ, की सरळ कार्बनच्या पॅडलवर पैसे घालू? आणि जाता जाता हेही, की पॅडल मनगटाला दोरीने बांधलं तर चालेल का?

दोरीचं आधी सांगून टाकते, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. बांधू नका. पडलात की दोन मीटरचा दांडा मनगटाला अडकून तुमच्यासोबत पाण्यात येतो, लाट त्याला एकीकडे ओढते आणि तुम्ही दुसरीकडे असता. खांदा दुखावतो, किंवा पातं तोंडावर येतं. शिवाय दर आठ-दहा फटक्यांनी बाजू बदलताना दोन्ही हातांची अदलाबदल करायची असते, ती दोरीने जमणारच नाही. पडताना पॅडल अंगापासून लांब धरा, नाही जमलं तर सोडून द्या. बहुतेक पॅडल तरंगतात. तुमचं तरंगतं का, ते गुडघाभर पाण्यात एकदा सोडून बघून घ्या. बांधायचं असतं ते तुम्हाला बोर्डाला, लीशने, म्हणजे बोर्डाच्या सुरक्षादोरीने. मनोरीच्या खाडीत नांगरलेल्या होड्या, जाळ्यांचे खुंट आणि फेरीबोट असं सगळंच आहे, त्यामुळे घोट्याच्या लीशपेक्षा कमरेला बांधायचा, झटक्यात सुटणारा लीश घ्या. ओहोटीच्या ओढीत घोट्याचा लीश खुंटाला अडकला, तर वाकून तो सोडवता येत नाही.

आता पकडीकडे. मी कयाक आणि पॅडलबोर्ड शिकवते त्याला बरीच वर्षं झाली, आणि ‘पॅडल घसरतंय’ ही तक्रार नवशिक्यांकडून मी सगळ्यात जास्त ऐकते. प्रत्येकाला वाटतं की दांडा गुळगुळीत आहे म्हणून घसरतंय आणि घसरतंय म्हणून घट्ट धरावं लागतंय. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा गाडी उलट्या दिशेने धावत असते. आधी काहीतरी दुसरंच तुम्हाला मूठ आवळायला लावतं, आवळून हात दमतो, घामेजतो, आणि मग घसरायला लागतं. तुम्हीच लिहिलंय की पहिली वीस मिनिटं ठीक जातात. दांडा वीस मिनिटांनी अचानक गुळगुळीत होत नाही. बदलतो तो हात.

अर्थात मी तुम्हाला पाण्यावर पाहिलेलं नाही. तुमचा पंजा केवढा, घाम किती येतो, बोर्डाची रुंदी तुमच्या वजनाला पुरते का, वारा किती वाजता सुरू होतो, यावर बरंच अवलंबून आहे. ज्यांच्या तळहातांना मुळातच खूप घाम येतो अशी माणसं असतात, त्यांना टेपचा उपयोग पहिल्या दिवसापासून होतो. तुम्ही त्यातले असलात तर तुम्हाला एव्हाना माहीत असेल, कारण परीक्षेत पेपर ओला व्हायचा.

पॅडलची रचना जरा नीट बघू. वर आडवी मूठ, मध्ये दांडा, खाली पातं. मूठ अशी आडवी का ठेवलीय? साधारण १० ते ११ सेंटीमीटर रुंद असते ती. म्हणजे मध्यापासून टोकापर्यंत पाच-साडेपाच सेंटीमीटर. दांड्याचा व्यास २८-२९ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मध्यापासून पृष्ठभागापर्यंत जेमतेम दीड सेंटीमीटर. पातं पाण्यात पिळलं जायला लागलं की ते थोपवायला वरच्या हाताला जितका जोर लागेल, त्याच्या साडेतीन-चार पट जोर खालच्या हाताला लावावा लागतो, आणि तोही निव्वळ घर्षणाच्या भरवशावर. साबणाच्या हाताने नळ बंद करून बघा. गोल चावी असेल तर हात फिरतो, नळ नाही. आडव्या दांडीचा नळ मात्र करंगळीनेसुद्धा बंद होतो. पातं सरळ ठेवणं हे वरच्या हाताचं काम आहे. नवशिका माणूस ते नकळत खालच्या हाताकडून करून घेतो, कारण खालचा हात पात्याच्या जवळ असतो आणि आपल्याला वाटतं तोच ताब्यात ठेवतोय.

मग खालच्या हाताने करायचं काय? ओढायचं. झाडावरचा आंबा आकडीने ओढतो तसं. बोटं दांड्याभोवती आकड्यासारखी वळलेली असली की दांड्याला काटकोनात येणारा जोर हाडं आणि स्नायुबंध पेलतात, त्यासाठी घट्ट दाबण्याची गरज पडत नाही. लोकलच्या कडीला वर्षानुवर्षं लटकणारा माणूस आणि पहिल्यांदा गर्दीच्या गाडीत शिरलेला पाहुणा यांचे हात शेजारी शेजारी बघा. पाहुण्याची पेरं पांढरी पडलेली असतात. दुसऱ्याची चार बोटं नुसती अडकवलेली असतात, आणि तो उभ्या उभ्या डुलकी काढतो.

ओढताना घर्षण लागतं ते फक्त जोर दांड्याच्या लांबीच्या दिशेने आला तर. आणि तुमचा हात सरकतोय, याचा अर्थ तुमच्या फटक्यात तसा जोर येतोय. तो दोन जागी येतो. एक, सुरुवातीला: पातं पूर्ण बुडायच्या आधीच तुम्ही ओढायला लागता, म्हणून वरच्या हाताने दांडा खाली रेटावा लागतो आणि तो खालच्या हातातून सरकतो. दोन, शेवटी: पातं पायांच्या मागे गेलं तरी ओढत राहता. तिथे दांडा मागे कललेला असतो, पातं बोर्डाला पुढे ढकलत नाही, नुसतं पाणी वर उचलतं, आणि त्या उचलण्याचं वजन दांड्यातून थेट हातावर येतं. म्हणून दोनच गोष्टी करा. पातं त्याच्या मानेपर्यंत, म्हणजे ते दांड्याला जुळतं तिथपर्यंत, बुडवा, मग ओढा. घोट्यांशी आलं की बाहेर काढा. बुडवणं आणि ओढणं यांच्यामध्ये क्षणभराचा थांबा ठेवला तरी चालेल. वेग कमी वाटेल, पण पहिल्याच दिवशी हात सरकायचा कमी होतो.

हे झालं हाताचं. पण त्याच्याही आधी, घरी बसल्या बसल्या पॅडल तपासा. मला खरा संशय तिथेच आहे.

तीन तुकड्यांच्या स्वस्त पॅडलमध्ये वरची मूठ दांड्यात आत-बाहेर सरकते आणि क्लॅम्पने आवळायची असते. काहींत खाच किंवा रेघ असते, त्यामुळे मूठ आपोआप सरळ बसते. काहींत काहीच नसतं. सुतार फळी वाकडी आहे का ते एक डोळा मिटून बघतो, तसं मुठीकडून पात्याकडे बघा. मुठीची आडवी रेघ आणि पात्याची रुंदी एका रेषेत हवी. बोरिवलीहून येणारा माझा एक विद्यार्थी दोन महिने ‘मॅडम, उजव्या हाताला फोड येतात, डाव्याला नाही’ म्हणत होता. मी त्याची पकड सुधारत बसले, खांदे सुधारले, उभं राहणं सुधारलं. एके दिवशी वाळूत आडव्या ठेवलेल्या पॅडलकडे सहज लक्ष गेलं, तर मूठ दहाएक अंशांनी फिरलेली. प्रत्येक फटक्यात पातं तिरकं घुसत होतं, पाणी ते पिळत होतं आणि बिचाऱ्याचा खालचा हात ते पिळणं दोन महिने थोपवत होता. मूठ सरळ केली, फोड थांबले. ते दोन महिने माझ्या खात्यावर, त्याच्या नव्हे.

तसंच पातं कुठल्या बाजूने धरताय तेही बघा. पातं दांड्याच्या सरळ रेषेत नसतं, साधारण दहा अंशांनी पुढे कललेलं असतं. ते कललेलं टोक बोर्डाच्या नाकाकडे हवं. पळीसारखा खोलगट भाग आपल्याकडे असावा असं सगळ्यांना वाटतं, मीही पहिल्या दिवशी तसंच धरलं होतं. उलटं धरलं की पातं पाण्यात फडफडतं, आणि फडफडणारी वस्तू माणूस आवळूनच धरतो.

जोडांत खुळखुळ आहे का? बटणाच्या पिना झिजल्या की तुकडे किंचित हलतात, आणि प्रत्येक फटक्याला हाताला ‘टक्’ असं जाणवतं. तिथेही मेंदू मूठ आवळायचा हुकूम देतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर तिन्ही तुकडे सुटे करून गोड्या पाण्याने धुवा आणि सुटेच वाळवा. नाहीतर मीठ बसून एक जोड सैल होतो आणि दुसरा कधीच सुटत नाही.

लांबीचाही इथे संबंध आहे, वाटत नसला तरी. शांत पाण्यावरच्या फिरण्यासाठी पॅडल आपल्या उंचीपेक्षा २० ते २५ सेंटीमीटर जास्त, असा सर्वसाधारण हिशोब. हवेचा बोर्ड जाड असल्यामुळे तुम्ही पाण्यापासून थोडे उंच उभे असता, तेव्हा त्यातल्या मोठ्या आकड्याकडे झुका. मात्र त्याहून लांब ठेवलंत तर वरचा हात डोक्याच्या वर जातो आणि मनगट वाकतं. मनगट वाकण्याचा पकडीशी काय संबंध, ते आत्ता बसल्या जागी बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि तसंच ठेवून मूठ वळायचा प्रयत्न करा. वळतच नाही धड. बोटं मिटणारे स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि मनगटावरून दोऱ्यांसारखे बोटांत जातात. मनगट वाकलं की ते आधीच आखडलेले असतात, मग आवळायला त्यांच्यात जोरच उरत नाही. आपण दुप्पट मेहनत घेतो आणि अर्धी पकड मिळते. मनगट सरळ, अगदी किंचित मागे, हीच त्याची जागा.

हात नेमका कुठे ठेवायचा, त्याची खूण सोपी आहे. पॅडल आडवं डोक्यावर धरा, एक हात मुठीवर, दुसरा दांड्यावर, दोन्ही कोपरं काटकोनात. खालचा हात जिथे आला तिथे इलेक्ट्रिकच्या टेपचे चार-पाच वेढे एकावर एक देऊन बारीक वळकटी करा. करंगळी त्या वळकटीला टेकली की हात जागेवर आहे. तुमच्या सगळ्या खरेदीत ही सगळ्यात स्वस्त वस्तू असेल, आणि मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी.

वरच्या हाताचं थोडक्यात. मूठ तळहातात घ्या, अंगठा खालून, बोटं वरून सैल पडलेली. ढकलायचं ते तळव्याने, मुठीच्या माथ्यावरून. काही जण मुठीच्या खाली दांड्यालाच धरतात, कारण तिथे ‘पकड’ वाटते. तसं केलंत की वर सांगितलेला नळाचा फायदा गेला.

खालच्या हाताची बोटं किती सैल? आमच्या घरी उखळ होतं. आजी मुसळ उचलताना धरायची आणि खाली सोडताना बोटं उघडायची. मुसळ तिच्या हातातून जवळजवळ मोकळंच पडायचं. दिवाळीच्या पोह्यांना तासभर कांडायची, पण तिच्या हाताला फोड आलेला मी पाहिला नाही. आम्ही मुलं दहा मिनिटांत हात चोळत बसायचो. पॅडलचंही तेच आहे. ओढताना बोटांचा आकडा, आणि पातं पाण्याबाहेर येऊन पुढे जाईपर्यंत बोटं उघडी. अक्षरशः उघडी, फक्त अंगठा आणि तर्जनीचं कडं दांड्याभोवती. मिनिटाला ३५ फटके धरले तर तासात २,१०० होतात. मूठ सतत आवळलेली राहिली की स्नायूंतल्या रक्तवाहिन्या दाबलेल्या राहतात आणि रक्त पुरेसं फिरत नाही. तुमचा हात लाकडासारखा होतो तो त्यामुळे. प्रत्येक फटक्यानंतर अर्धा सेकंद जरी बोटं उघडली, तरी तेवढ्या वेळात रक्त फिरतं.

यासाठी मी एकच सराव देते. गुडघ्यांवर बसून, शांत पाण्यात, करंगळी आणि अनामिका दांड्यापासून पूर्ण उचलून वीस फटके मारायचे. मग दुसऱ्या बाजूला वीस. आधी वाटतं पॅडल जाणार हातातून. जात नाही. मग उभं राहून तेच.

गुडघ्यांवर का, तर भीती वेगळी काढायची म्हणून. उभं राहिल्यावर बोर्ड डुगडुगतो आणि बोटं आपोआप आवळली जातात, हाताची आणि पायाचीसुद्धा. पाय बघा तुमचे: अंगठे बोर्डात रुतवून ठेवलेत का? तळपायाला गोळे येतात का? येत असतील तर तुमचा प्रश्न पकडीचा नाहीच, तोल सांभाळण्याचा आहे. नजर पायांवरून उचलून दूर कांदळवनाच्या रेषेवर ठेवा, गुडघे सैल सोडा. आणि वेळ बघा. हिवाळ्यात सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा हलका असतो, खाडी आरशासारखी असते. दहा-अकराच्या सुमाराला खारे वारे सुरू झाले की तेच पाणी उकळल्यासारखं होतं. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, आणि खाडीच्या तोंडाशी त्या पाण्याला चांगलीच ओढ असते. तुमची ‘वीस मिनिटं’ आणि परतीचा विरुद्ध प्रवाह यांची वेळ जुळतेय का, तेही ताडून पाहा. शिकण्यासाठी भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असण्याचे दिवस निवडा, अष्टमीच्या आसपासचे. कुठल्याही कोळ्याला विचारलंत तरी तो हेच सांगेल, वर तुमच्या वल्ह्याकडे बघून हसेलही.

इथवर केलंत आणि तरी घसरतंय, तर मग पृष्ठभाग.

पहिला गुन्हेगार सनस्क्रीन. लोक गाडीतून उतरल्यावर घाईघाईत हातपाय माखतात आणि त्याच हाताने पॅडल उचलतात. एकदा दांड्याला ते लागलं की नुसत्या खाऱ्या पाण्याने निघत नाही. घरूनच निघताना लावा, मग तळहात साबणाने स्वच्छ धुवा. किनाऱ्यावर पुन्हा लावायची वेळ आली तर पालथ्या हाताने लावा. डोक्याला खोबरेल चोपडून येणारे आणि घाम पुसायला केसांतून हात फिरवणारे, तुमचंही तेच. उतरण्याआधीचा वडापावही त्यातच आला. उपाय फुकटचा आहे: ओली वाळू दोन्ही तळहातांवर खसखसून चोळायची, मग धुवायची. दांडा महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाने घासा. या एवढ्यानेच प्रश्न सुटलेले लोक मी पाहिलेत आणि त्यांना जरा फसवल्यासारखंही वाटलेलं पाहिलंय, कारण ते काहीतरी विकत घ्यायच्या तयारीने आले होते.

एक गंमत: पूर्ण कोरड्या हाताची पकडही चांगली नसते. नोटा मोजणारा कॅशियर बोट ओलं करतो ते उगाच नाही. किंचित दमट कातडीची पकड सगळ्यात चांगली, पाण्याचा थर आला की ती जाते, आणि तासभर भिजून कातडी मऊ पडली की फोड येतात. म्हणून कमरेला एक जुना सुती रुमाल खोचून ठेवा.

आता टेप. मेट्रो सिनेमाजवळ धोबी तलावला क्रीडासाहित्याची दुकानं ओळीने आहेत, तिथे सगळे प्रकार हातात घेऊन बघता येतात. बॅडमिंटनची पातळ ग्रिप स्वस्त आणि सुरुवातीला छान, पण मिठाच्या पाण्यात चार-पाच खेपांत तिच्या कडा उचकटतात. टॉवेलची ग्रिप घेऊ नका, ती पाणी धरून ठेवते आणि आठवड्यात तिला वास यायला लागतो. मला स्वतःला हॉकी स्टिकची शॅमॉय (मऊ कातड्यासारखी) ग्रिप आवडते, ती ओली झाल्यावर उलट जास्त धरते. क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप अनेक जण सुचवतात. तुमच्या पॅडलची मूठ निघत असल्याने ती कोनशिवायही (ग्रिप चढवायच्या शंकूशिवायही) चढेल, पण बॅटचा दांडा आपल्या दांड्यापेक्षा जाड असतो, तेव्हा ग्रिप आपल्या दांड्यावर घट्ट बसते की गोल फिरते ते दुकानातच पाहा. फिरणारी ग्रिप नसलेलीच बरी. लोहार चाळीत मिळणारी, गरम केल्यावर आवळणारी, विजेच्या तारांवर चढवायची नळी (हीट-श्रिंक) हा टिकाऊ मार्ग. नुसती लावली तर ओल्या हाताला गुळगुळीतच लागते, म्हणून आधी दांड्याभोवती बारीक नायलॉनची दोरी दोन-दोन बोटांच्या अंतराने पीळ देत गुंडाळायची आणि वरून नळी चढवायची. वर उठणाऱ्या वळ्या बोटांना धरायला मिळतात. ॲल्युमिनियमवर हे बिनधास्त करा. कार्बनवर गरम हवेची गन जपून, आतल्या रेझिनला उष्णता सोसत नाही.

गुंडाळण्याआधी दांडा स्पिरिटने पुसा. फक्त वळकटीच्या वर वीस-पंचवीस सेंटीमीटर, सगळा दांडा नाही. बाजू बदलताना हात दांड्यावरून सहज जायला हवा, सगळीकडे चिकट झालं तर तिथेच अडखळाल. वरून खाली गुंडाळत या. हात सरकतो तो वरच्या दिशेने, त्यामुळे या पद्धतीने कडा उलट्या उचकटत नाहीत. आणि मुठीचा जो भाग दांड्याच्या आत जातो त्याच्यावर चुकूनही काही गुंडाळू नका, मग लांबी बदलता येणार नाही.

कुणी पॉलिश पेपरने दांडा खरखरीत करायला सांगितलं असेल तर तुमच्या पॅडलला ते लागू नाही. ॲल्युमिनियमचा वरचा थर निघाला की खालचा धातू खाऱ्या पाण्यात खराब होतो आणि हात काळे करतो. कार्बनच्या चकचकीत दांड्यावर ४०० नंबरचा पेपर ओला करून हलक्या हाताने फक्त चकाकी उतरवता येते, त्याच्या खाली गेलात तर तंतू टोचतील. सर्फिंगचं मेण मीही वापरून पाहिलंय. लाटांवर बरं, पण आपल्याकडच्या उन्हात डिकीत ठेवलं की त्याचा लगदा होतो आणि वाळू चिकटून दांडाच पॉलिश पेपर बनतो.

हातमोज्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. पॅड असलेला मोजा घातला की दांडा जाड होतो, जाड दांड्याला बोटं पूर्ण वळत नाहीत, मग जास्त आवळायचं. मुंबईच्या दमटपणात आत कातडी भिजून पांढरी पडते ती वेगळी. खडकांजवळून, कालवांच्या धारदार कडांजवळून जात असाल किंवा उन्हाने हातावर पुरळ येत असेल तर पातळ, अर्ध्या बोटांचे घ्या. सुती मोजे मात्र नकोतच.

राहिला कार्बनचा मुद्दा. ॲल्युमिनियमचं पॅडल किलोभर वजनाचं, कार्बनचं साधारण ५०० ते ७०० ग्रॅमचं. दिवसाला दोन हजार वेळा उचलायचं तर फरक नक्कीच पडतो, खांद्यांना जास्त पडतो. पण तुमची आजची पकड तशीच ठेवून ते घेतलंत, तर महागाच्या पॅडलवरही त्याच जागी फोड येतील. पैसे जमवत राहा आणि तोवर पात्याचा आकार बघून ठेवा. तयार सेटमध्ये मिळणारं पातं पुष्कळदा मोठं असतं आणि हलक्या अंगाच्या माणसाला ते प्रत्येक फटक्यात अडकून धरतं.

आलेले फोड फोडू नका. फुटलाच तर कातडी ओरबाडून काढू नका, साबणाने धुऊन कोरडं झाका, आणि उघडी जखम घेऊन खाडीत उतरू नका. आपल्या खाड्यांत काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहे. घट्टे पडले तर वज्रीने हलके घासून सपाट ठेवा, जाड घट्ट्याखालीच खोल फोड येतो.

कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाजवळ, दाबल्यावर दुखतंय का तेही बघा. मी सुरुवातीला दोन वर्षं मूठ आवळूनच पॅडल मारलं, मलाही वाटायचं हात मजबूत होतोय. शेवटी धुणं पिळता येईना आणि पोळी लाटताना डोळ्यांत पाणी यायला लागलं. फिजिओने दोन महिने पाण्यापासून लांब ठेवलं. बोटांना मुंग्या येत असतील आणि किनाऱ्यावर आल्यानंतरही त्या जात नसतील, तर टेप वगैरे बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

येत्या रविवारी नवीन काही घेऊन जाऊ नका. मूठ सरळ करा, इलेक्ट्रिकच्या टेपची वळकटी करा, हात धुवा, आणि पहिली दहा मिनिटं गुडघ्यांवर. आल्यावर फोड नेमके कुठे आले ते कळवा. बोटांच्या मुळाशी असतील तर तुम्ही अजून आवळताय, अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात असेल तर दांडा हातात फिरतोय. दुसरं असेल तर मुठीकडून पात्याकडे बघितलेला एक फोटोही पाठवा.